चाक उचलून

ज्या दिवशी तिने आपल्या वडिलांना ‘काका’ म्हटलं, त्या दिवसाची सकाळ अगदी रोजच्यासारखी होती.

बाबा दारातल्या पायरीवर बसून हत्यारांची पेटी भरत होते. शिलाई मशीनची दुरुस्ती हा त्यांचा धंदा. घरोघर जायचं, मशीन उघडायचं, तेल द्यायचं, झिजलेला पट्टा बदलायचा आणि निघताना घरच्या बाईला म्हणायचं, “आता कापडच काय, नवऱ्याचं तोंडसुद्धा शिवता येईल!” हा विनोद तिने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला होता, की तो एका कानातून पुरता आत शिरायच्या आधीच दुसऱ्यातून बाहेर पडायचा.

गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून बाबा विजेवरच्या सायकलवरून फिरत. सायकल त्यांची जुनीच. मोटर एका मेकॅनिकने मागाहून बसवलेली, बॅटरी कॅरिअरखाली, पेटी कॅरिअरवर दोरीने करकचून बांधलेली. पुढे दिव्याच्या जागी त्यांनी शिलाई मशीनवरचा वाकड्या मानेचा दिवा लावला होता. उजवी मूठ पिळली की गाडी आपली आपण चालायची. पाय पायडलवर नुसते ठेवायचे.

“बारके, माझ्या गाडीचं बघशील ना?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“बघते म्हटलं ना.”

“नाही, तुमची ती तपासणी आजपासून सुरू होतेय म्हणतात, म्हणून आपलं विचारलं.”

“बाबा, मला उशीर होतोय.”

“जा बाई, जा. तुझ्यावाचून सरकार खोळंबायला नको.”

ती परिवहन कार्यालयात होती आणि त्या तपासणीमागचा नियम लिहिणाऱ्यांपैकी एक होती. नियम तसा सोपा. पायडल मारलं तरच जिची मोटर मदतीला येते ती सायकल. तिला ना नोंदणी, ना कर. नुसत्या मुठीवर पळते ती मोटारगाडी. तिची नोंदणी करा, तिला नंबर लावा, तिचा कर भरा. पण हे कागदावर. रस्त्यावर लोक भलतेच हुशार. गणवेशातला माणूस दिसला की मुठीवर चालणारे सगळे पाय गरागरा फिरवायला लागायचे. कार्यालयात त्यांना ‘हवेतले पायडलवाले’ म्हणत. यांना ओळखायचं कसं, यावर बैठकांमागून बैठका अडल्या होत्या.

तो पेच तिने सोडवला, म्हणजे तसं सगळ्यांना वाटलं. खरं तर एकदा जेवताना ती याच गोष्टीवरून कुरकुरत होती, तेव्हा बाबा सहज बोलून गेले होते, “त्यात काय? चाक उचलून बघायचं. मशीन अडलं की मी काय करतो? कापड काढतो, पट्टा सोडतो आणि चाक मोकळं फिरवून बघतो. मग दोष लपून बसत नाही.” दुसऱ्याच दिवशी तिने बैठकीत सांगितलं, की गाडी स्टँडवर घ्यायची, मागचं चाक उचलायचं, पायडल धरून ठेवायचं आणि मूठ पिळायची. चाक फिरलं, तर ती मोटारगाडी. साहेबांनी सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली. हे डोकं कोणाचं, ते सांगावं असं तिच्या मनात आलं, पण तोवर पुढचा विषय सुरू झाला होता. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

बाबांच्या गाडीचं काम काही डोंगर उचलण्याचं नव्हतं. गाडी कार्यालयाच्या आवारात आणायची, दाखवायची, कर भरायचा, की झालं. पण ती दोरी, ती पेटी, तो वाकडा दिवा! बाबा ते सगळं ध्यान घेऊन फाटकातून आत येणार, भेटेल त्याला नवऱ्याच्या तोंडाचा विनोद ऐकवणार आणि शेवटी तिच्याकडे बोट करून म्हणणार, “ही आमची बारकी.” एवढ्या एका चित्राला भिऊन ती किती दिवस ‘बघते’ म्हणत राहिली होती.

तपासणी पुलाच्या पायथ्याशी होती. साहेब आले होते, वर्तमानपत्रवाले आले होते, कॅमेरे आले होते. चाकं उचलायला ज्येष्ठ निरीक्षक होते, ज्यांना सगळं कार्यालय ‘मामा’ म्हणायचं. मामांच्या अंगात त्या दिवशी उत्साह मावत नव्हता. “या, या! हवेतले पायडलवाले, रांगेत या! वारा पुरे झाला, आता गाडी दाखवा!” लोक हसत होते. तीही हसत होती.

आणि मग तिला गर्दीत तो वाकड्या मानेचा दिवा दिसला.

बाबांनाही पुढची माणसं दिसली असावीत, कारण ते जोरजोरात पाय फिरवायला लागले. दुखरे गुडघे वर-खाली होत होते, चेहऱ्यावर शाळा चुकवलेल्या पोरासारखा साळसूद भाव होता. मग त्यांनी तिला पाहिलं. पाय थांबले. चेहरा उजळला आणि हाक मारायला तोंड उघडलं.

“काका,” ती म्हणाली, “गाडी बाजूला घ्या.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग कॅमेऱ्याकडे. मशीनमध्ये धागा नेमका कुठे अडकलाय ते शोधताना ते असेच पाहायचे. तोंड मिटलं.

“घेतो, मॅडम,” ते म्हणाले.

मामांनी चाक उचललं. “काका, पिळा मूठ.”

बाबांनी मूठ पिळली. थोडी नाही, पुरती पिळली. चाक भिंगरीसारखं फिरलं.

“अहो, पळतेय की ही! मग मघाशी पाय कशाला फिरवत होता? व्यायाम?”

“हो ना. डॉक्टरांनी सांगितलाय.”

सगळे खो खो हसले. साहेब हसले. आणि तीसुद्धा हसली. पुढे ‘काका’ या शब्दापेक्षा ते हसूच तिला जास्त छळणार होतं. शब्द घाबरून तोंडातून निघून गेला, असं म्हणता तरी आलं असतं.

गाडी जप्त होऊन टेंपोत चढली. बाबांनी आधीच पेटीची दोरी सोडली होती. पेटी खांद्यावर टाकून ते पुलाच्या चढाला लागले. अर्ध्यावर थांबून त्यांनी खांदा बदलला. त्यापुढचं तिने पाहिलं नाही. कॅमेरावाल्याने तिला तोंड इकडे करायला सांगितलं होतं.

संध्याकाळी ती मुद्दाम उशिरा घरी गेली. बाबा झोपले होते. त्यांच्या खोलीच्या दारात ती थोडा वेळ उभी राहिली. घोरण्याचा ओळखीचा आवाज येत होता. सकाळी बोलू, असं म्हणून ती वळली.

सकाळी बाबा उठले नाहीत.

डॉक्टर म्हणाले की हृदय आधीच दमलेलं होतं, हे कधीही झालं असतं, कोणाचा दोष नाही. तिने नीट ऐकून घेतलं. कोणीतरी दुसऱ्याच माणसाला निर्दोष सोडत असावं, तसं तिला वाटलं.

माणसं भेटून गेली, घरातली गर्दी ओसरली. मग एका दुपारी आई गिऱ्हाइकांकडून आलेली मशीनची झाकणं पुसत बसली असताना म्हणाली, “त्यांची गाडी कुठे आहे गं? त्या दिवशी चालतच आले. म्हणाले, दुरुस्तीला टाकलीय. कुठे टाकली, ते काही बोलले नाहीत.”

तिने पुढचं झाकण आईकडे सरकवलं.

“मी म्हटलं, पेटी घेऊन पायी? आणि एवढं कसलं हसू येतंय? तर म्हणाले, आज पोरीला काम करताना बघितलं. काय रुबाब, काय बोलणं! मोठमोठी माणसं ऐकत उभी होती म्हणाले.” आईने झाकणावर फुंकर मारली. “तू भेटली होतीस त्यांना?”

“नाही,” ती म्हणाली. आणि हे खोटंही नव्हतं, हे लक्षात येऊन तिला तिथे बसवेना. ती उठून आत गेली.

जप्त गाड्या शहराबाहेरच्या एका आवारात ठेवलेल्या असत. तिने एक फोन केला असता तर कोणाला न कळता गाडी घरपोच झाली असती. फोन हातात घेतलाही होता तिने. पण आवारात ती स्वतः गेली आणि ऊन डोक्यावर घेऊन रांगेत उभी राहिली.

खिडकीशी मामा होते. तिला पाहून ते अर्धे उठले. “मॅडम! तुम्ही रांगेत? अहो, आत या, खुर्चीवर बसा.”

“असू दे. यांचं होऊ दे आधी.”

पुढची माणसं एकेक करून हलली. काही जण कराच्या नावाने बोटं मोडत होते. एक बाई विचारत होती, “मुलीला शाळेत सोडायला मोटारगाडी लागते, असं तुम्हीच ठरवलंत का?” मामा हात जोडून म्हणत होते, “बाई, मी फक्त चाक उचलतो.” ती ऐकत होती. आजवर असं बोलणं तिच्यापर्यंत फक्त ‘हरकती व सूचना’ होऊन आलं होतं.

तिची पाळी आली.

“बोला मॅडम. कुठली गाडी बघायची?”

तिने जाळीपलीकडे बोट केलं. धुळीने माखलेल्या गाड्यांच्या गर्दीतून तो दिवा मान वाकडी करून बाहेर डोकावत होता.

“ती? अहो, ती तर व्यायामवाल्या काकांची!” मामा मनापासून हसले आणि रांगेतल्यांना सांगू लागले, “काय वल्ली माणूस होता! गाडी गेली, तरी जाताना मलाच म्हणाला, चाकाला तेल कमी पडतंय, देत जा.” मग तिच्याकडे वळून म्हणाले, “त्यांनी पाठवलं होय तुम्हाला? ओळखीचे निघाले की काय?”

‘हो, ओळखीचे’ एवढं म्हटलं तरी भागलं असतं. वाट मोकळी होती. मागे कोणीतरी म्हणालं, “बघा, ओळख असली की सुटतेच गाडी.” दोघेतिघे हसले.

“बाबा,” ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही.

“काय म्हणालात?”

तिने खिडकीची कड धरली आणि रांगेच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, “माझे बाबा आहेत ते, मामा. मी त्यांची बारकी. त्या दिवशी पुलापाशीही ते माझे बाबाच होते. चाक उचलून बघायचं, हेही त्यांनीच मला सांगितलं होतं. आणि मी त्यांना काका म्हटलं.”