भाजीचं पाणी

बटाटे मी दोनदा उकळते. गाजरंही दोनदा. आधी बारीक चिरायचं, मोठ्या पातेल्यात भिजत घालायचं, ते पाणी फेकायचं. मग नव्या पाण्यात उकळायचं, तेही फेकायचं. उरतो तो चोथा. त्याची भाजी करायची, आणि मीठ किती, तर चिमटीतून सांडेल तेवढंच. चवीला ओला पुठ्ठा. मी खाऊन बघितलाय, उगाच बोलत नाही.

"सगळं सत्त्व गटारात!" आत्या रोज म्हणायची. "अगं भवाने, भाजीतलं चांगलं ते सगळं त्या पाण्यात उतरतं. तू माझ्या भावाला चोथा खायला घालतेस!"

"आहाराच्या बाईंनी सांगितलंय."

"आहाराच्या बाई! कालची पोरगी ती. मी याला दोन वर्षांचा असल्यापासून भरवलंय."

हे खरं होतं. बाबांची आई लवकर गेली, आत्यानंच त्यांना वाढवलं. अजूनही त्यांना "धाकट्या" म्हणते, आणि धाकट्याला पन्नाशी उलटली तरी तोंड पुसायला रुमाल पुढे करते.

बाबा कुलूपवाले. खिडकीपाशी त्यांचं टेबल, त्यावर कानशी, कोऱ्या किल्ल्या, लोकांची बिघडलेली कुलुपं. वर्षभरापूर्वी त्यांच्या किडन्या अर्ध्यावर आल्या. आहाराच्या बाईंनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. भाजीफळांत पोटॅशियम असतं, चांगली किडनी जास्तीचं बाहेर टाकते, बाबांची टाकत नाही. ते रक्तात साठतं. साठलं की आधी हातपाय गळतात, मग हृदय चुकतं. दर महिन्याला रक्त तपासायचं. आकडा पाचच्या आसपास हवा. सहाच्या वर गेला की भरती.

आई पहाटे बेकरीत जाते, पाव भाजते, संध्याकाळी पिठानं पांढरी होऊन येते. म्हणून स्वयंपाकघर माझ्याकडे. आत्या लोकांना सांगते, "पोरीनं बापासाठी शाळा सोडली हो." साफ खोटं. शाळा मी आधीच सोडली होती. गणिताच्या बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, तुझ्या डोक्यात भुसा आहे. मी म्हटलं, तुमच्यात तोही नाही. माफी माग म्हणाले. नाही मागितली. संपलं.

आत्या आमच्या खालच्या मजल्यावर राहते, पण तिचं कपाट आमच्याकडे. वरचा पूर्ण कप्पा. जवस, भोपळ्याच्या बिया, मध, व्हिनेगर, कसल्याशा पानांची हिरवी पावडर, हृदयाचं चित्र असलेली पाकिटं. कुठे काही वाचलं की आणते. सगळंच वाईट नाही. सोडा आणि व्हिनेगरनं ओटा घासायची युक्ती तिचीच, त्या उग्र वासाच्या बाटल्या बंद झाल्यापासून बाबा कमी खोकतात. पण माझ्या आवडीच्या वस्तू तीनच: मोठी चाळणी, छोटा वजनकाटा आणि सिंकचं भोक.

या भोकाचंही एक आहे. त्याखालची नळी प्लास्टिकची, जुनी. उकळतं पाणी ओतलं की मऊ पडून गळते. म्हणून मी भाजी चाळणीत उपसते, पाणी खाली पातेल्यात जमा करते, गार झालं की ओतते. ओतलं की नळी ढेकर दिल्यासारखी गुडगुडते. बाहेरच्या खोलीत बाबा म्हणतात, "झालं वाटतं जेवण!" त्यांचा रोजचा विनोद.

दोन महिन्यांपूर्वी आकडा आला पाच पूर्णांक चार. गेल्या महिन्यात पाच पूर्णांक आठ.

आहाराच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "दोनदा उकळतेस ना नक्की? की कंटाळा करतेस?"

माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. "मी कंटाळा करत नाही."

"लहान आहे हो अजून," आत्या मध्येच म्हणाली. सोबत यायचंच असतं तिला. "पुढच्या वेळी आकडा वाढला तर स्वयंपाक मीच हातात घेते. हिला परत शाळेत घालू."

म्हणजे शिक्षाच. आणि माझ्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं, कारण एकदा मी शेण खाल्लं होतं. आत्यानं तिळाचं तेल आणलं होतं, मी तिच्यादेखत अख्खी बाटली सिंकमध्ये ओतून दिली. "विष आणतेस!" म्हणून ओरडले. मग डॉक्टर म्हणाले, तेलाला काय झालंय, चालतं की. तेव्हापासून मी तोंड उघडलं की आत्या म्हणते, "तेल आठवतं ना?"

मी घरी येऊन सगळं वजन करून करायला लागले. बटाटा किती, भात किती, वहीत लिहून. पाणी दुप्पट. तरी बाबांचे पाय जड होत चालले. जिना चढताना मधे थांबायचे, बुटाची नाडी बांधायचं नाटक करायचे. चपला असायच्या पायात.

मग त्या दिवशी कानस पडली. बाबा एका बाईच्या दाराची किल्ली घासत होते. कानस हातातून सुटली, खणकन फरशीवर. उचलली. परत सुटली. गिऱ्हाईक बाई हसून म्हणाली, "काका, लोणी लावलंय का?" बाबाही हसले. मी नाही हसले. ज्या हातांनी त्यांनी बंद तिजोऱ्या उघडल्यात, त्या हातांना वीतभर कानस धरवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाजरं उपसली. आत्या आली, पदर खोचून. "तू भात बघ, पाणी मी ओतते."

महिना-दीड महिना ती हे करत होती. मला वाटलं होतं, सुधारली. बरं वाटलं होतं, खरं सांगते.

मी भाताकडे वळले. पाठीमागे झाकण वाजलं, चूळ भरल्यासारखा आवाज झाला, आत्या गेली. आणि माझ्या डोक्यात काहीतरी अडकलं. काय ते कळेना. भात ढवळत राहिले. मग कळलं.

नळी गुडगुडली नव्हती.

मी सिंकमध्ये हात फिरवला. कोरडं ठणठणीत. पातेलं रिकामं.

गॅस बंद केला आणि गेले. बाल्कनीत बाबा स्टुलावर, समोर आत्या, हातात तिचा निळा थर्मास. बाबांच्या हातात कप. मिशीला केशरी ओल.

"काय आहे ते?"

"गरम पाणी," आत्या म्हणाली.

"गरम पाण्याला गाजराचा रंग कधीपासून आला?"

"लवंगे, हळू बोल," बाबा म्हणाले. मला ते लवंगीच म्हणतात, मिरचीवरून. "शेजारी ऐकतात."

"ऐकू देत! आत्या, भाजीचं पाणी पाजतेस तू यांना?"

"मग काय फेकून देऊ?" तीही उठली. "बघ जरा त्याच्याकडे! चोथा खाऊन खाऊन हातातली ताकद गेली त्याच्या. पडली ना काल कानस? मला कळत नाही होय? म्हणून आज सगळंच थर्मासात भरलं; आधी कपभर काढून बाकी ओतायचे. सगळं सत्त्व आहे यात, सगळं!"

"हो ना!" मी इतक्या जोरात ओरडले की खालचा कुत्रा भुंकायला लागला. "सगळं यातच आहे! तूच रोज सांगतेस, भाजीतलं सगळं पाण्यात उतरतं. अगं, तेच उतरवायला मी उकळते! बटाट्यातलं, गाजरातलं, सगळं पोटॅशियम मी रोज गाळून काढते आणि तू ते कपात घालून यांना देतेस!"

आत्याचं तोंड उघडं राहिलं. पण ती माझीच आत्या, लगेच मिटलं. "तेल आठवतं ना? तेव्हाही अशीच..."

"आठवतं. तेलाचं मी चुकले. मीठ कुठलं घातलंस यात?"

"साधं नाही घातलं. मला अक्कल आहे. चांगलं मीठ, कमी सोडियमचं."

मी आत गेले, तिच्या कप्प्यातून ते पाकीट आणलं. पुढे लाल हृदय, हसणारं. मागे मुंगीएवढी अक्षरं. मी मोठ्यानं वाचलं. पोटॅशियम क्लोराइड. त्याखाली, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

"दाखव," आत्या म्हणाली. चष्मा नव्हता. पाकीट लांब धरलं, जवळ धरलं. नुसतं त्या हृदयाकडे बघत राहिली.

मी बाबांच्या हातातला कप धरला. त्यांनी सोडला नाही.

"बाबा, द्या."

"अर्धाच राहिलाय."

"द्या म्हणते ना."

"वर्षभरानं," बाबा म्हणाले आणि त्यांचा आवाज चिरकला, "वर्षभरानं काहीतरी जेवल्यासारखं लागलं गं मला. तुला नाही कळायचं. तू थर्मास लपव, कपाटाला कुलूप घाल. घरातलं एक तरी कुलूप मला अडवेल का?"

"नाही घालणार कुलूप. तुम्ही उघडालच. माहितीये मला." मी खिशातून रुमाल काढला, त्यांच्याच टेबलावरची कानस त्यात गुंडाळून आणली आणि समोर धरली. "ही धरून दाखवा. मिनिटभर. मग प्या अख्खा थर्मास, मीच ओतून देते."

बाबांनी कप खाली ठेवला. कानस घेतली. मी मनात मोजत होते. वीसलाही पोचले नाही. या वेळी फरशीवर पडायच्या आधी आत्यानं झेलली.

 मी चपला घातल्या. "चला. तपासायला. आत्ताच."

"तारीख पुढच्या आठवड्यात आहे," आत्या पुटपुटली.

"रक्ताला तारीख कळते का?"

आकडा आला सहा पूर्णांक दोन.

बाबांना तिथेच ठेवून घेतलं. छातीला चिकटपट्ट्या, वायरी, हाताला सलाइन. वाळूसारखी एक पावडर पाण्यात कालवून प्यायला दिली. बाबा तोंड वाकडं करत म्हणाले, "हिच्यापेक्षा तुझा पुठ्ठा बरा." आई बेकरीतून तशीच आली, केसांत पीठ.

डॉक्टर फाईल घेऊन आले. "घरी जेवणाचं कोण बघतं?"

आईनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि त्या चेहऱ्यावर गणिताच्या बाईंचा चेहरा चढताना मला दिसला. मी दात आवळले. काय वाट्टेल ते म्हणा, माफी मागणार नाही.

"ही बघते," आत्या म्हणाली. भिंतीला टेकून उभी होती. "ही बरोबर करते. भाजीचं पाणी ओतायचं म्हणून मी घ्यायचे आणि त्याला पाजायचे. मीठ पण माझंच. तिच्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा."

एवढं बोलून ती बाहेर जाऊन बाकावर बसली. मांडीवर थर्मास. तो तिनं इथपर्यंत का आणला होता, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी बाबा घरी आले. मी बटाटे चिरत होते. आत्या दारात उभी राहिली, आत येईना.

"मग आता मी काय करायचं या घरात?" रागानंच विचारलं. "नुसतं बघत बसू?"

"लसूण सोल."

"लसूण चालतो?"

"चालतो. बाईंना विचारलंय. मिरी चालते, लिंबाचे चार थेंब चालतात. तुझं ते व्हिनेगरही चालतं. मीठ नसेना, जीभ तर जागी होईल."

ती बसली. एक गड्डा, दोन गड्डे. मी थोड्या तेलात लसूण लाल केला, उकळलेले बटाटे त्यात खरपूस होऊ दिले, मिरी भरडून टाकली. तेल तिळाचंच होतं. आत्यानं बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. नाक फुगलं.

बाबांनी पहिला घास घेतला. "पुठ्ठाच आहे," ते म्हणाले. "पण आज भाजलाय चांगला." ताट पुसून खाल्लं.

मी पातेल्यातलं पाणी ओतायला सिंककडे वळले, तर आत्यानं पातेलं धरून ठेवलेलं.

"सोड."

"झाडांना घालते. त्यांच्या किडन्या नाहीत बिघडलेल्या. यात मीठ नाही, काही नाही. गटारात नाही जाऊ देणार मी."

तिनं गार झालेलं पाणी थर्मासात भरलं आणि बाल्कनीत गेली. मी मागोमाग. दाराला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिले.

"काय बघतेस? मी पीत नाही आणि त्याला देत नाही!"

"बघते."

"विश्वास नाही?"

"नाही."

"पोलीस आहेस का?"

"थर्मास उलटा कर."

आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की कुंड्या तडकायच्या. मग थर्मास उलटा केला, बुडावर चार थापा मारल्या. शेवटचा एक थेंब कडेला लोंबकळत राहिला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो, तो मातीत पडेपर्यंत.