गिअरसकट साठ किलो

रणवीरचं नाव निघालं की भव्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि का जाऊ नये? हा पुण्याहून आलेला आयटीतला गडी तीन वर्षं दर शनिवारी बंगळुरूच्या चामराजपेटेतल्या भव्याच्या घरच्या दुकानात येऊन बसायचा. ‘अण्णा, शिकवा ना, प्लीज!’ अण्णा म्हणजे गुंडूराव, भव्याचे वडील. मोटरसायकलचं सस्पेन्शन जुळवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेलेली. त्यांनी हातचं काही न राखता सगळं शिकवलं. आईने घासातला घास दिला. आणि या गड्याने काय करावं? शार्दूल नावाच्या एका गिऱ्हाइकाच्या पुढच्या फोर्कचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्यांचं, काम गुंडूराव गावाला गेलेले असताना परस्पर, घाईघाईत उरकलं. ट्रॅकवर तो फोर्क दगा देऊन बसला, शार्दूलचं मनगट मोडलं, आणि हा शहाणा मोबाइलसमोर उभा राहून जगाला सांगतो, ‘सॉरी टू से, पण अण्णांचे हात आता थरथरतात. त्यांच्याकडे बाइक देऊ नका.’ लगेच महिन्याभरात महादेवपुऱ्यात स्वतःचं चकचकीत दुकान!

हात थरथरत होते हे खरंच होतं, त्यामुळे लोकांना पटायला वेळ लागला नाही. काम रणवीरने केलं होतं हे भव्या सांगून सांगून थकली. शार्दूलने तर तिचा फोनच उचलला नाही. वर्षभरात दुकानात माशा मारायची पाळी आली. गुंडूराव रोज सकाळी हत्यारं पुसून ओळीने मांडायचे आणि संध्याकाळी तशीच उचलून ठेवायचे. ते बघून भव्याला रडू यायचं नाही, दातओठ खावेसे वाटायचे.

होसकोटेच्या पुढच्या मातीच्या ट्रॅकवर ट्रेल बाइकची शर्यत आहे, सगळ्यांना एकच मॉडेल, दोन फेऱ्या, असं तिला कळलं. यादीत रणवीरचं नाव होतं. तिने आपलंही घातलं.

“अप्पा, माझी बाइक ट्रॅकसाठी जुळवून द्या,” ती म्हणाली.

“कशाला?”

“त्याची जिरवायला.”

गुंडूरावांनी मापायची टेप उचलली. मग म्हणाले, “बूट घाल. हेल्मेट, चिलखत, सगळं. मग बैस.”

त्यांची पद्धतच तशी. ट्रेल बाइक बनते जंगलातल्या दगडधोंड्यांसाठी, हळू चालायला, त्यामुळे ती मऊ असते. ट्रॅकवर तीच बाइक उडी मारून खाली आली की पार जमिनीला टेकते. ती किती कडक करायची हे बाइक ठरवत नाही, बसणारा माणूस ठरवतो. म्हणून आधी त्याला पूर्ण वेशात, म्हणजे गिअरसकट, बसवायचं, त्याच्या वजनाने मागची बाजू किती दबते ते टेपने मापायचं, मग स्प्रिंग निवडायची, आणि शेवटी ते बारीक स्क्रू फिरवायचे, एकेक टक् मोजत. खाली दाबताना किती अडवायचं, परत वर येताना किती अडवायचं. रणवीरला या मापण्याचा भारी कंटाळा. ‘अण्णा, आकडे सांगा ना डायरेक्ट,’ म्हणायचा.

आठवडाभर बापलेक राबले. शेवटी गुंडूरावांनी रिवाजाप्रमाणे चिठ्ठी लिहिली. त्यांच्या हातून बाइक चिठ्ठीशिवाय कधी बाहेर पडली नाही. सगळ्यात वर माणसाचं वजन, खाली स्प्रिंग आणि आकडे, आणि चिठ्ठी हँडलला दोऱ्याने बांधलेली. लपवायची नाही, हा नियम. वर लिहिलं होतं: गिअरसकट साठ किलो.

शर्यतीच्या पहिल्या फेरीत भव्या दुसरी आली. रणवीर सहावा! त्याने दांडग्या जाड स्प्रिंग टाकल्या होत्या. बाइक प्रत्येक खड्ड्यावर खडखडत होती आणि त्याचे हात भरून आले होते. नाकाला मिरच्या झोंबल्या असणार.

भव्या पाणी प्यायला तंबूत गेली. तिथून तिला दिसलं, रणवीर इकडेतिकडे बघत तिच्या बाइकजवळ आला, चिठ्ठी उलटी केली, मोबाइलने फोटो काढला आणि सटकला.

गुंडूरावांनीही पाहिलं. “भव्या, त्याच्या स्प्रिंग जाड आहेत गं. त्यांना वर येताना जास्त अडवावं लागतं, त्यावर तुझे आकडे लावले तर बाइक त्याला उधळून फेकेल. जाऊन सांग त्याला.”

“चिठ्ठीवर वजन लिहिलंय ना अप्पा? स्प्रिंगही लिहिलीय. वाचता येतं त्याला.”

“पडेल तो.”

“पडू दे!” ती म्हणाली, आणि हेल्मेट चढवलं.

दुसऱ्या फेरीतल्या पहिल्याच मोठ्या उडीला जाड स्प्रिंगने रणवीरची मागची बाजू अशी झटक्यात वर फेकली की गडी हँडलवरून सरळ गवताच्या पेंढ्यांत तोंडघशी! हाडबिड काही मोडलं नाही. भव्याने बाजूने जाताना वळूनसुद्धा बघितलं नाही. ती पहिली आली.

शेवटच्या रेषेशी ती उतरते न उतरते तोच रणवीर चिखलाने माखलेला, लंगडत, हँडल वाकडं झालेली बाइक ढकलत, ओरडत आला. “चीटिंग आहे ही! तुझ्या चिठ्ठीवरचे आकडे खोटे आहेत! मी जसेच्या तसे लावले आणि...”

आपण काय बोलून बसलो ते कळताच त्याने जीभ चावली. पण भोवतीच्या तीसेक माणसांनी ऐकलं होतं.

“काय लावलंस?” भव्या म्हणाली. “मोठ्याने बोल, मागच्यांना ऐकू आलं नाही. ज्यांच्याकडे बाइक देऊ नका म्हणून सांगतोस, त्यांची चिठ्ठी लावलीस? वाच, वर काय लिहिलंय?”

तिने हँडलवरची चिठ्ठी सोडून त्याच्या नाकासमोर धरली. “साठ किलो. तुझं किती?”

“नव्वद,” तो पुटपुटला. लोक हसायला लागले.

शार्दूल गर्दीत होताच, मनगटाला अजूनही पट्टा बांधून. भव्या त्याच्याकडे वळली. “तुझ्या बाइकला अशी चिठ्ठी होती का रे? तुला गिअर घालून बसवलं होतं कोणी?”

शार्दूलने चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट पाहिली. “नाही,” तो म्हणाला. “चिठ्ठी नव्हती. मला कुणी बसवलंच नाही. बाइक रणवीरने दिली होती मला. हाच म्हणाला, सगळं काम अण्णांनी केलंय.”

आता कोणी हसत नव्हतं. सगळे रणवीरकडे बघत होते, आणि तो स्वतःच्या बुटांकडे.

गुंडूराव तंबूतून सावकाश चालत आले. खिशातून कोरी चिठ्ठी काढली, तिच्यावर ‘नव्वद किलो’ एवढंच लिहिलं आणि रणवीरच्या वाकड्या झालेल्या हँडलपाशी गेले.

“खालचे आकडे नंतर,” ते म्हणाले. “दुकानात ये. रांगेत उभा राहा.”

मग ते दोरा बांधायला लागले. हात थरथरत होते, गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. एवढ्या लोकांसमोर रणवीरला तिथून हलता येत नव्हतं. शार्दूल मदतीला पुढे सरकला, तेव्हा भव्याने हात आडवा घालून त्याला थांबवलं.

“स्वल्प, थोडं थांब,” ती म्हणाली. “घाई नाही आम्हाला.”