खंड्याचं तिकीट

कटिंग मास्तरांनी जन्मभर लोकांची मापं घेतली, पण स्वतःच्या जिभेला लगाम घालणं काही त्यांना जमलं नाही. मुलीने आपल्या मनाने लग्न ठरवलं, तेव्हा "तुझ्या लग्नाच्या कपड्याला माझी कात्री लागणार नाही," असं बोलून बसले. त्याला सात वर्षं झाली. नात झाल्याचंसुद्धा शेजारणीकडून कळलं. वर्षभर ते माफीची पत्रं पाठवत होते आणि पत्रं न फोडताच माघारी येत होती. पाकिटावर मुलीच्या अक्षरात एकच शब्द असे, "परत".

त्या दिवशी पोस्टातलं शिक्के मारायचं यंत्र बिघडलं होतं. खिडकीवरच्या बाईंनी नाइलाजाने खणातून तिकिटांचे जुने ताव काढले आणि कोणतं देऊ म्हणून विचारलं. आपल्याला काय आवडतं हे मास्तरांना कुणी विचारून युगं लोटली होती. तावांवर पक्षी होते. त्यांनी चष्मा पुसला, घुबड पाहिलं, सुतारपक्षी पाहिला, पुन्हा घुबडाकडे आले. कापडदुकानात सगळी ठाणं उलगडायला लावणाऱ्या गिऱ्हाइकांना आयुष्यभर नावं ठेवली, आणि आज स्वतः तेच करत होते. रांगेतून कुणीतरी म्हणालं, तिकीट घेताय की स्थळ बघताय? मास्तर खुदकन हसले. आपल्याला अजून हसता येतं याचं त्यांनाच नवल वाटलं. अखेर त्यांनी निळा खंड्या घेतला आणि घरापर्यंत तळहातावर धरून नेला.

दहा दिवसांनी पत्र परत आलं. पाकीट बंद, वर तोच शब्द. मास्तर ते आधी परत आलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवायला गेले. मग दिसलं की पाकिटाचा कोपराच नाही. खंड्या कापून घेतला होता, आणि त्याच्यासोबत आतल्या पत्राचाही तुकडा गेला होता.

मुलीचा काप असा नव्हे. तिला कात्री धरायला त्यांनीच शिकवलं होतं, रेघेसारखं कापायची. इथे कागद पात्यांमध्ये दुमडून चावल्यासारखा झाला होता. मास्तरांना तो काप आपल्या सहीसारखा ओळखता आला. ते स्वतः डावरे. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात घेऊन शिकले, त्याचा घट्टा अंगठ्यावर अजून होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पाकीट खिडकीवरच्या बाईंना दाखवलं.

"ही माझी नात. डावरी आहे."

बाईंनी पाकीट उलटसुलट पाहिलं. "मग मास्तर, लिहा ना पत्रात, डावऱ्यांची कात्री मिळते म्हणून. बोटं सोलतील पोरीची."

"पत्र फोडतंय कोण, बाई?"

बाईंनी ताव पुढे सरकवले. मास्तरांनी या वेळी घुबड घेतलं.

घरी येऊन त्यांनी तिकीट चिकटवलं. भोवती बोटभर जागा सोडून पेन्सिलने कापायची रेघ आखली. कोपरे गोल ठेवले, कारण डाव्या हाताला तिथेच वळणं जड जातं. पत्र रात्रीच लिहून ठेवलेलं होतं, चांगलं चार पानी. ते आत सरकवून त्यांनी कोपरा चिमटीत धरून पाहिला, आणि पत्र बाहेर काढलं. एवढे थर त्या बोटांना झेपले नसते.

रिकामं पाकीट बंद करून मास्तर पेटीत टाकायला निघाले.