सुई टोचली त्या दिवशी

मी ऑटोक्लेव्ह. रायपूरच्या तात्यापाऱ्यात डॉक्टर यामिनींचा दातांचा दवाखाना आहे, तिथं आतल्या खोलीत कट्ट्यावर माझा मुक्काम. दिसायला जाड दाराच्या प्रेशर कुकरसारखा. दात काढायचे चिमटे, तोंडात घालायचे आरसे घासूनपुसून, पाकिटात बंद होऊन माझ्या पोटात येतात. मी वाफ कोंडतो, तापतो आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू मारतो.

कारखान्यातून ट्रकने इथं आलो, तेव्हापासून माणसं बघतोय. खुर्चीवर बसली की ती भिंतीवरची डिग्री वाचतात, पंखा जोरात करायला सांगतात. तोंडात जाणारा चिमटा कुठून आला, हे क्वचितच कोणी विचारतं.

मला रोज भरते ती मदतनीस दीक्षा. दार लावताना म्हणते, "चलो भैया, शुरू हो जाओ."

एकदा पंडरी भागातल्या शांताबाई आल्या. साड्यांना फॉल लावायचं काम त्यांचं. गाल सुजलेला. काही आजार आहे का, असं विचारलं तर मानेनंच नाही म्हणाल्या. डॉक्टरांनी भूल दिली. दीक्षा सुईला टोपण लावायला गेली आणि सुई हातमोज्यातून तिच्या बोटात शिरली.

"साबणानं हात धू, वाहत्या पाण्याखाली. बोट दाबू नको," डॉक्टर म्हणाल्या. मग खुर्चीकडे वळल्या. "मावशी, रक्तातून पसरणारा काही आजार आहे का? खरं सांगा. या पोरीसाठी विचारून राहिले."

शांताबाईंनी नळाखाली हात धरून उभ्या असलेल्या दीक्षाकडे पाहिलं. बधिर ओठांनी शब्द नीट फुटत नव्हते.

"मले हेपेटायटिस सी हाय. माही पोरगी रुचिता झाली तवा रक्त चढवलं होतं, त्यातूनच असंल म्हणतेत. दोन दवाखान्यांत खरं सांगितलं, त्यांनी दारातूनच वापस पाठवलं. म्हणून इथं नाही बोलली. आता काढा मले बाहेर, पण या पोरीचं काही करा."

"बाहेर काहून काढू?" डॉक्टरांनी नवे हातमोजे चढवले. "तोंड उघडा."

दात निघाला. रक्त थांबेपर्यंत डॉक्टर कापूस धरून उभ्या राहिल्या. सुई वापरलेल्या सुयांच्या कडक डब्यात गेली. ती माझ्याकडे कधीच येत नाही.

"मॅडम, इनके औजार फेंक दें?" दीक्षानं ट्रेमधल्या चिमट्यांकडे बघत विचारलं.

"काहून? आजार असूनही ज्यांना माहीतच नाही, तेही याच खुर्चीवर बसतात. त्यांचे फेकतेस का? सगळ्यांचं सारखंच करायचं."

ते चिमटे माझ्या पोटात आले आणि मी माझं काम चोख केलं. पण दीक्षाच्या बोटासाठी मला काहीच करता येत नव्हतं. या आजारावर लस नाही. त्याच दिवशी तिचं रक्त तपासलं, ते साफ होतं; पण टोचल्याचा परिणाम कळायला काही आठवडे जावे लागतात. त्या आठवड्यांत ती माझ्याशी बोलली नाही. दार लावायची आणि तिथंच उभी राहायची.

शेवटची तपासणीही साफ आली. शांताबाईंनी सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेतल्या, कोर्स पुरा केला. विषाणू गेला. मग त्या कवळीचं माप द्यायला आल्या. दीक्षानं त्यांच्यासमोर अवजारांचं बंद पाकीट फाडलं.

"तुह्या रिपोर्टाचं काय झालं, पोरी?"

"सब ठीक है, मावशी."

शांताबाईंनी तिचा हात धरला, डोळ्यांना लावला. मग तोंड उघडलं.

आता माझ्या दाराचं रबर झिजलंय, कधी वाफ निसटते. दवाखानेवाल्यांनो, माझं काम नीट होतंय का, हे तपासत राहा. नुसता माझा दिवा लागला म्हणून भरवसा ठेवू नका. आणि पेशंट म्हणून खुर्चीवर बसाल तेव्हा अवजारांचं पाकीट समोर फोडायला सांगा, कोणाला राग येत नाही. आणि खरं सांगणाऱ्याला दारातून परत पाठवू नका. तसं केल्यानं आजार जात नाही, माणूस फक्त गप्प होतो.