यंत्राला दसऱ्याचा विसावा

या, असे पुढे सरका. मागं भिंतीला टेकून बसलात की अर्धी गोष्ट भिंतच ऐकते. आज पुराणातलं काही सांगत नाही. आमच्या डोंगरकडा गावातली, गेल्या दसऱ्याची गोष्ट सांगतो. एका यंत्राची आणि एका भल्या माणसाच्या तोंडून निसटलेल्या 'न्हाई'ची.

आमच्या गावाला कीर्तनाचं वेड. पण झालेली कीर्तनं कुणाच्या मोबाइलात, कुणाच्या कॅसेटीत, कुणाच्या पेनड्राइव्हमध्ये विखुरलेली. ती सगळी गोळा केली फरदीननं. हा इस्माईलभाईंचा थोरला, वारंगा फाट्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं एक जुना कॉम्प्युटर आणला, त्याचा सर्व्हर केला आणि उकंडरावांच्या घरात देवघराशेजारच्या फळीवर ठेवला. उकंडरावांचं घर देवळाला लागून, शिवाय त्यांच्याकडे इन्व्हर्टर. मोबाइलात एक पत्ता टाकला की सर्व्हरचं पेज उघडायचं. त्यावर कीर्तन निवडलं की देवळातल्या स्पीकरवर सुरू. दर एकादशीला सकाळी आम्ही टाळ घेऊन बसायचो आणि जुन्या कीर्तनाला साथ द्यायचो.

आता उकंडराव. सत्तरी गाठलेला, मऊ मनाचा माणूस. दसऱ्याला त्यांनी ट्रॅक्टर धुतला, विळे-खुरपी पुसली, बायकोचं, नर्मदाबाईंचं, शिलाई मशीन झाकून ठेवलं. वर्षभर राबणाऱ्यानं आज बसायचं, ही त्यांच्या घरची रीत. सगळ्यांना हळदकुंकू लावून ते फळीपाशी आले. सर्व्हर गुणगुणत होता.

"हे लेकरू तर रात्रंदिवस जागंच," असं म्हणून त्यांनी मागची वायर ओढून काढली. ओल्या फडक्यानं डबा पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. ताट नर्मदाबाईंच्या हातात होतं. यंत्र दिवसभर निवांत राहिलं.

दुसऱ्या दिवशी एकादशी. त्यांनी वायर परत लावली, दिवा लागला, गुणगुण सुरू झाली. देवळात माणसं जमली. त्या दिवशी कीर्तनकार मालनबाईंचं जुनं कीर्तन लावायचं ठरलं होतं. भजनी मंडळाचे प्रमुख भागवतदादा यांनी मोबाइलात पत्ता टाकला.

"वर नाव येऊन राहिलं, खाली सगळं पांढरं!"

"एकादशीचा उपास यंत्रानंबी धरला म्हणायचं," मृदंगावरचा वसराम म्हणाला, आणि आम्ही हसलो.

निरोप गेला तसा फरदीन दुकान अर्धं उघडं टाकून उकंडरावांच्या घरी आला. मोबाइल बदलून पाहिला, पेज कोरं. ब्राउझरची साठवण पुसली, कोरं. सर्व्हर बंद करून परत चालू केला, तरी कोरं.

"सर्व्हर जिता हाय," तो म्हणाला. "हाक मारली की ओ देतो, पन बोलत न्हाई. काका, काल-परवा कुणी याची वायर काढली व्हती का?"

उकंडराव तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून भागवतदादा गरजले, "कुणी हात लावला रे याला?" दादांच्या मागं देवळातली सगळी माणसं माना उंच करून उभी. उकंडरावांच्या तोंडून निघून गेलं, "न्हाई. कोन काढंल?"

आत स्वयंपाकघरात भगर हलवणारा नर्मदाबाईंचा हात थांबला.

"मंग माझंच चुकलं आसंल," फरदीन खाली मान घालून म्हणाला. "लाईट गेली म्हणावं तर इन्व्हर्टर हाय. परवाच मी नवं व्हर्जन टाकलं, त्यानंच बिघडलं आसंल."

"काहून टाकलं?" भागवतदादा भडकले. "चांगलं चालून राहिलं व्हतं ना? मोबाइलच्या काचा बदलतो ना तू, तेवढंच कर! हे आता बाळापूरला न्या. तिथला कॉम्प्युटरवाला सगळं पुसून नव्यानं टाकून देतो."

"दादा, पुसलं तर कीर्तनं जातील."

"लोकांच्या मोबाइलात हायेतच की. परत गोळा करू."

"मालनबाईंचं न्हाई. ते फकस्त इथंच हाय. दुसरी प्रत काढायची ती माझ्याकडून राहून गेली. मला आजचा दिवस द्या."

"आता तू हातच लावू नको."

फरदीननं डब्यावरचा हात मागं घेतला. तो काय मागत होता, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मालनबाई आमच्या देवळात कीर्तनाला उभ्या राहिल्या तेव्हा त्यानंच ते कीर्तन मोबाइलात धरलं होतं. पायरीवर आईच्या शेजारी बसून. त्याची आई मदीनाबी मालनबाईंचं कीर्तन कधी चुकवायची नाही. गौळण रंगात आली आणि ती मोकळ्या गळ्यानं म्हणाली, "वाहवा, मालनबाई!" मोबाइल तिच्या मांडीजवळ होता, म्हणून तेवढे दोन शब्द मृदंगापेक्षाही मोठे ऐकू येतात. त्याच हिवाळ्यात ती गेली. मालनबाईंचाही घसा आता बसला, त्या उभ्या राहत नाहीत. त्या दोघींचा तो दिवस उरला होता तो या डब्यात.

उकंडराव पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले. बोटांच्या पेरांना कालचं कुंकू अजून होतं. ते धोतराला पुसू लागले.

"भगर करपून राहिली," नर्मदाबाई म्हणाल्या, "पन मला दुसराच वास येऊन राहिला."

"आगं, हळू बोल."

"ताट माझ्या हातात व्हतं ना काल?"

"मी काय वाईट बुद्धीनं केलं का? भक्तीनंच केलं."

"केलं ते भक्तीनं. न्हाई म्हणलं ते कशानं?"

उकंडराव दाराकडं पाहून म्हणाले, "चारचौघांत कसं सांगू? लोक हसतील."

"त्या फरदीनला दादा चारचौघांतच बोलले ना?" असं म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो उकंडरावांनी घेतला नाही.

नंतर एकदा पारावर त्यांनीच मला सांगितलं. म्हणाले, "आयुष्यभर मी कीर्तनात मान डोलावली. खरं बोला म्हणलं की डोलवायचो, दुसऱ्याचं मन राखा म्हणलं की डोलवायचो. त्या दिवशी चुलीपाशी उभा राहिलो आन् ती मान मला जड झाली."

ते बाहेर आले तेव्हा मोटारसायकलच्या कॅरिअरवर यंत्र ठेवलेलं होतं. हादरे बसू नयेत म्हणून फरदीन ते गोधडीत गुंडाळून सुतळीनं बांधत होता. ज्याला हात लावू नको म्हटलं, तोच ते लेकरासारखं बांधत होता. गोधडीतून झेंडूचं फूल डोकावत होतं.

"सोडा ती सुतळी," उकंडराव म्हणाले. आवाज इतका बारीक, की कुणाचं लक्ष गेलं नाही. मग ते पायरी उतरून मोटारसायकलच्या पुढंच उभे राहिले. "वायर मी काढली व्हती. दसरा म्हणून. त्यालाबी विसावा द्यावा म्हणून. आन् मघाशी खोटं बोललो."

"विसावा?" वसराम म्हणाला. "आवो, ते काय बैल हाय का?"

माणसं खो खो हसली. उकंडराव तसेच उभे राहिले, मान खाली. हसला नाही तो एकटा फरदीन.

"काका, गुणगुणत असतानाच वायर ओढली?"

"व्हय रे बाबा."

"मंग अपडेटनं न्हाई बिघडलं!" त्यानं गाठ सोडायला घेतली. गोधडीचं दुसरं टोक भागवतदादांनीच धरलं.

फळीपाशी बसून फरदीन आता अपडेट सोडून दुसरीकडंच शोधू लागला. थोड्या वेळानं त्यानं स्क्रीन आमच्याकडं वळवली. "हे पाहा. या फाइलीत सगळी मांडणी लिहिलेली असते. कोणतं कीर्तन कुठं हाय, पेज कसं दिसावं, सगळं. फाइल हाय, पन आत एक अक्षर न्हाई. यंत्र हिच्यात लिहीत असताना करंट गेला. वाचायलाच काही न्हाई तर ते बिचारं कोरंच दाखवणार."

"मंग आता?" उकंडरावांनी विचारलं.

"नवं व्हर्जन टाकायच्या आधी मी या फाइलीची नक्कल काढून ठेवली व्हती."

ती नक्कल त्यानं जागेवर ठेवली, सर्व्हर परत चालू केला, मोबाइलात पत्ता टाकला. पेज उघडलं. खाली सरकवत गेला आणि मालनबाईंच्या नावावर त्याचं बोट थांबलं.

कीर्तन सुरू झालं. एरवी पहिल्या रांगेत टाळ वाजवणारे उकंडराव त्या दिवशी खांबामागं रिकाम्या हातानं बसले. आम्ही बोलावलं, आले नाहीत. गौळण रंगात आली आणि स्पीकरमधून ऐकू आलं, "वाहवा, मालनबाई!" फरदीन आई बसायची त्या पायरीवर बसून होता. त्यानं डोळे मिटले.

उकंडराव उठून त्याच्यापाशी गेले. "माझ्यामुळं हे पुसलं गेलं असतं रे."

"गेलं असतं, काका," फरदीन म्हणाला. असू द्या, जाऊ द्या, असलं काही तो बोलला नाही. उकंडराव तिथंच त्याच्या शेजारी बसले. गौळण संपल्यावर फरदीन म्हणाला, "पुढच्या दसऱ्याला मला आवाज द्या. मी नीट बंद करून देतो, मंग तुमी पूजा करा."

त्या कीर्तनाच्या प्रती आता घरोघरी आहेत. पहिली प्रत उकंडराव स्वतः मागून घेऊन गेले. गौळण लागली की अजूनही त्यांचा टाळ थांबतो आणि ते दोन शब्द होऊन गेले की परत सुरू होतो.

कधी एकादशीला आमच्याकडं आलात तर पायरीजवळ बसा. गौळणीच्या भरात एका बाईचा मोकळा आवाज ऐकू येईल. ती मदीनाबी. तिची आठवण ठेवा.