अर्धा फेरा

मी एक जुना लोखंडी गज आहे, मित्रांनो. खरे म्हणजे अर्धाच. दुसरा अर्धा बळीराम वेल्डरच्या घरी खिडकीत ठेवलेला असतो. मला उभे चिरले, त्याचे मला जराही वाईट वाटत नाही. त्याआधी मी कसा कोंडून पडलो होतो, ते ऐकलेत म्हणजे तुम्हालाही वाटणार नाही.

माझा जन्म १९८३ साली जरीपटक्यातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये झाला. लेथवर माझ्या एका टोकाला आटे पाडले. मग बळीरामने ते टोक एका लोखंडी ठोकळ्याच्या भोकात फिरवत फिरवत पार तळाशी नेले. भोक आरपार नव्हते. मी घट्ट बसलो, सुखावलो, तोच त्याने मला अर्धा फेरा उलटा दिला आणि भोकाच्या तोंडाशी गोल वेल्डिंग करून टाकले. झाले, मी बंद. आत मिट्ट अंधार, आणि माझे देखणे आटे सैल पडून नुसते शोभेचे झालेले. कुणी ओढलेच, तर सगळा भार एकट्या वेल्डिंगवर.

आम्ही पाच भावंडे, पाचही जण असेच बंद. चौघांच्या आधाराने कन्हानजवळ एका खोल विहिरीच्या कामावर लोखंडी पाळणा टांगला होता. त्यात बसून चार मजूर खाली उतरत. ठेकेदाराला आता त्यात सहा बसवायचे होते. त्यासाठी इंजिनीअरिंग कॉलेजचा दाखला लागणार होता, म्हणून मला नमुना म्हणून चारुलताबाईंच्या टेबलावर पाठवले.

चारुलताबाई तिथे शिकवत. खेचून तोडायचे मशीन वर्षभर बिघडलेले, तेव्हा त्यांनी माझी परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायचे ठरवले. हिशेबासाठी कागदावर माझ्या चित्राचे शेकडो त्रिकोणी तुकडे पाडले आणि प्रत्येकाची माहिती भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवली. बाई मोठ्या चिकाटीच्या. पण मग प्रश्न आला, आटे ठोकळ्याला टेकले आहेत की नाहीत? त्यांनी वर्कशॉपचे ड्रॉइंग उघडले. त्यात लिहिले होते, 'पूर्ण घट्ट'. त्यांनी कार्डावर तेच भरले.

मी दोन वितींवर होतो, मित्रांनो. आतली फट फक्त मला ठाऊक होती, आणि माझे तोंड वेल्डिंगने बंद. इतका असहाय मी कधीच झालो नव्हतो. आठवड्याने निकाल आला : निम्मा भार आटे घेतील, सहा माणसे बिनधोक. बाईंनी तो कागद पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून माझ्याच खाली दाबून ठेवला. खोटी साक्ष छातीशी धरून मी तीन दिवस पडून राहिलो.

चौथ्या दिवशी सकाळी दाखला न्यायला वर्कशॉपचे मालक गणपतरावांनी बळीरामलाच पाठवले. बाईंनी सही करून कागद त्याच्या हातात दिला आणि कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्या आट्यांनी लाज राखली, बळीरामभाऊ. निम्मा भार तेच घेतात."

बळीराम जायला निघाला होता, तो थांबला. "आटे कायले भार घेतीन, मॅडम? ते तं ढिले रायते. मी अर्धा फेरा उलटा देतो नं."

"उलटा? ड्रॉइंगमध्ये तर पूर्ण घट्ट लिहिलंय."

"ड्रॉइंग हापिसात काढते. आतली हवा तापली का वेल्डिंगले भोक पाडते. म्हणून मी तिले जरा जागा ठेवतो. उस्तादानं तसंच शिकवलं मले."

बाईंनी पेन्सिल उचलली. आटे वगळून नुसत्या वेल्डिंगचा हिशेब मांडला. तिसऱ्या ओळीवर त्यांचा हात थांबला. "हे चार माणसांनाच काठावर आहे. सहांना तुटेल," त्या हळूच म्हणाल्या.

बळीरामने दाखला टेबलावर ठेवला. "माहा भाऊ देवराव रोज त्याच पाळण्यात उतरते, मॅडम. आज कागद नेला का दुपारी सहा जण उतरवनार होते." एवढे बोलून तो सायकलकडे धावला.

दुपारच्या आत पाळणा रिकामाच वर ओढून घेतला गेला. माझ्या एका भावाच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर सापडली. देवरावने त्या चिरेवर नख फिरवून पाहिले.

दोन दिवसांनी बाईंच्या सांगण्यावरून बळीरामने मला ठोकळ्यासकट करवतीने उभे चिरले. माझ्या आट्यांवर पहिल्यांदा उजेड पडला. त्यांच्या एका बाजूची बारीक फट दोघांनी वाकून पाहिली. बाई म्हणाल्या, "चूक माझीच. तुम्हाला विचारलंच नाही मी." बळीराम म्हणाला, "मीबी कधी सांगितलं नाही." त्या दिवसापासून तो ठोकळ्याला आधी हवेसाठी एक बारीक भोक पाडतो आणि गज पूर्ण घट्ट बसवतो.

आता मी बाईंच्या वर्गात हातोहात फिरतो. माझे एवढेच मागणे आहे : कागदावर काहीही लिहिलेले असो, ज्याने वस्तू घडवली त्याला एकदा विचारा. आणि घडवणारे तुम्ही असाल, तर कुणी विचारायची वाट पाहू नका. माझे तोंड उघडायला करवत लागली, मित्रांनो. तुमचे तर कुणी बंद केलेले नाही.