एकाच जमखान्यावर

मित्रांनो, मी एक जुना जमखाना आहे. जमखाना म्हणजे जाड सुती सतरंजी. नवलगुंदच्या मागावर माझा जन्म झाला आणि निपाणीजवळच्या या गावात मैत्री मंडळानं मला आणलं. स्वस्थ पडून राहणं माझ्या स्वभावात नाही. माणसं अंगावर बसली नाहीत तर माझा जीव कासावीस होतो.

मंडळाचा नियम साधा होता. बैठकीत खुर्ची नाही, सगळ्यांनी माझ्यावर मिसळून बसायचं. शेतकरी, विड्या वळणाऱ्या बाया, मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, सगळे. माझ्यावर कडाकडा भांडणं झाली आणि मिटलीसुद्धा. लोक कौतुक करत, मी फुशारून जाई. पुढं मोबाईलवर मंडळाचा गट निघाला आणि मला खुशाल उंदरांच्या हवाली केलं!

यंदा आंबेडकर जयंती जवळ आली. आजवर मिरवणूक वेशीवरूनच मागं फिरायची. बौद्ध वस्तीतल्या म्हाताऱ्या शेवंताबाईंनी हट्ट धरला, "डोळं मिटायच्या आत ती चौकातनं गेलेली बघू दे." चौकातली काही पोरं गुरकावू लागली. मग मंडळाला माझी आठवण झाली.

बैठकीला मंडळाचा चिटणीस नागेंद्र यानं माझ्या शेजारी एक नवी चटई पसरली. "आक्का, तुमच्या लोकांना अवघडल्यासारखं नको. ही खास तुमच्यासाठी." बिचाऱ्याला वाटलं, आपण मान देतोय!

शेवंताबाई उभ्याच राहिल्या. "येगळं बसवायला नवी चटई आणलास व्हय रं?"

नागेंद्रचा चेहरा पडला. त्या तडक आल्या आणि माझ्यावर, भावकूअण्णांच्या शेजारी बसल्या. चौकात भावकूअण्णांचा शब्द चालतो. पण त्या टेकताच अण्णा वीतभर लांब सरकले. सगळ्यांनी पाहिलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गुडघा दुखतोय आक्का, म्हणून सरकलो."

त्यांच्या बायकोला, मालुबाईंना राहवलं नाही. "सकाळपतोर तर धड हुता की गुडघा!"

कुणीतरी फिसकन हसलं. अण्णांनी मान खाली घातली, बोटांनी माझे दोरे ओढत राहिले. मग सरकून पुन्हा जागेवर आले. "चुकलं आक्का. मिरवणूक चौकातनंच येऊ दे. मी हुबा ऱ्हातो तितं."

जयंतीदिवशी मी चौकातल्या मंडळाच्या खोलीत गुंडाळलेला होतो. दिसत काहीच नव्हतं. हलगी वेशीपर्यंत आली आणि थांबली. आरडाओरडा झाला. माझा दोरा न् दोरा ताठला. तेवढ्यात भावकूअण्णांचा आवाज आला, "बाजूला व्हा रं! आक्काला फुडं येऊ द्या!" आणि हलगी वाजत वाजत माझ्या खिडकीखालून गेली. काय सांगू मित्रांनो, मला रडता येत असतं तर मी भिजून चिंब झालो असतो.

त्यानंतर मला कुणी उलगडलेलं नाही. कुरबुरी मात्र मला ऐकू येतात. मला झटका, ऊन दाखवा, वापरा. भांडण पेटलं की धावत येता, मित्रांनो. कधीतरी भांडण नसतानाही येऊन बसा की!